भाकरी, गोचीड आणि नगरपालिका : आपल्या कुत्र्यांचा दोनशे वर्षांचा हिशेब

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

कुत्र्यांवर काही लिहिलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, सगळी उचला आणि जंगलात नेऊन सोडा. दुसरी म्हणते, मुक्या जिवाच्या मागे लागू नका. नगरपालिकेच्या सभेतही वेगळं काही होत नाही. एखाद्या पोराला कुत्रं चावलं की सभेत गोंधळ, मग ठराव, मग आठ दिवस गाडी फिरते, मग सगळं थंड. पुढचं पोर चावेपर्यंत.

या भांडणात एक साधा प्रश्न राहूनच जातो. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला आधी खायला कोण घालत होतं? त्याच्या अंगावरची गोचीड कोण काढत होतं? त्याला लूत लागली, जखमेत किडे पडले तर कोण बघत होतं? आणि हे सगळं सुटलं कधी? हा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट दिसते. कुत्र्यांबद्दलचे मोठे निर्णय आपण दरवेळी भीतीच्या भरात घेतले आणि ते फसले. ज्याचा उपयोग झाला ते काम रोजचं, कंटाळवाणं आणि फोटो काढण्यासारखं अजिबात नसलेलं होतं. कसं ते सांगतो.

भाकरीपासून सुरुवात करू

आपल्याकडे गावकुत्र्याला मालक नसला तरी घरं ठरलेली असायची. सकाळची शिळी भाकरी एका दारात, दुपारचं ताक दुसऱ्या दारात, कुठे जेवण असलं की हाडं. श्राद्धाच्या पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात. खंडोबाच्या देवस्थानांत कुत्र्याला मान, दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं अशी आख्यायिका आहे.

काही जण म्हणतील, भाकरी काय कुत्र्याचं अन्न आहे? ते मांसाहारी. अर्धंच खरं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक अॅक्सेलसन यांच्या गटाने लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. म्हणजे माणूस शेती करून धान्य खाऊ लागला, त्याच्या उकिरड्यावर कुत्रं जगू लागलं आणि हजारो वर्षांत त्याचं पोटही बदललं. ज्वारीची भाकरी त्याला पचते. मात्र नुसत्या भाकरीवर भागत नाही, सोबत प्रथिनं लागतात. आधी ती उंदीर-घुशींतून, खाटकाच्या दुकानामागून, धनगराच्या वाड्यावरच्या ताका-दुधातून मिळायची. कारवानी कुत्री पाळणाऱ्यांकडे भाकरी-दुधाचा काला हाच जुना खुराक.

म्हणजे खाऊ घालणं हे दानधर्माइतकंच व्यवहाराचंही काम होतं. कुत्रं रात्री राखण करायचं, लांडगा-बिबट्याची चाहूल द्यायचं, घुशी मारायचं. त्या बदल्यात भाकरी. धनगरांनी तर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टे घातले, जनावराने नरडं धरू नये म्हणून. कुत्र्याच्या काळजीचं यापेक्षा जुनं आणि पक्कं साधन आपल्याकडे क्वचितच सापडेल.

मुंबई, जून १८३२

आता शहरात येऊ. इंग्रजांच्या मुंबईत गल्लीतली कुत्री ही सरकारसाठी आरोग्याची आणि शिस्तीची डोकेदुखी होती. पिसाळलेल्या कुत्र्यांची धास्तीही खरी होती, कारण त्या काळी रेबीजवर जगात कुठेच औषध नव्हतं. सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं.

आठ आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. मग व्हायचं तेच झालं. पिसाळलेलं कोण, धडधाकट कोण, रस्त्यावरचं कोण, घरातलं कोण, हे कोण बघतो? दारातली कुत्रीही मारली जाऊ लागली.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. माणूस गेल्यावर कुत्र्याला त्याचं दर्शन घडवण्याचा सगदीदचा विधी असतो. ६ जून १८३२ रोजी फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू आणि जैन व्यापारीही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या छावणीत जाणारं सामान अडवलं गेलं. शेवटी लष्कर बोलवावं लागलं आणि काही जणांना शिक्षा झाल्या. मुंबईच्या इतिहासातल्या सुरुवातीच्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि कारण काय तर गल्लीतली कुत्री.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ सुरू झाली. भुलेश्वरची पांजरपोळ आज आपल्याला गाईंमुळे माहीत आहे. पण तिच्या जन्मामागे रस्त्यावर मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न होता, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरचे अत्याचार रोखणारी संस्था मुंबईत निघाली. १८८३ मध्ये परळला दिनशा पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचं इस्पितळ झालं. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शहराने दंगलीतून धडा घेतला आणि संस्था उभ्या केल्या. या संस्था मुंबईबाहेर किती पोचल्या, ते आता पाहू.

गुरांचा दवाखाना

तालुक्याच्या गावात पोचला तो गुरांचा दवाखाना. नाव बघा, गुरांचा. सरकारला घोडे, बैल, म्हशी महत्त्वाच्या, कारण त्यांच्यावर लष्कर आणि शेती चालायची. कुत्रं त्या वहीत नव्हतंच. आजही आपल्या श्रेणी-१, श्रेणी-२ च्या दवाखान्यात कुत्रं घेऊन गेलं की आधी म्हशीचा नंबर लागतो. डॉक्टरांचा दोष नाही. एका माणसाकडे कितीतरी गावं, लाळ्या-खुरकुताचं लसीकरण त्याच्याच डोक्यावर, वर कागदपत्रं.

मग कुत्र्याच्या बारीकसारीक आजारांचं काय? ते घरगुती उपायांवर सोडलं गेलं. त्यातले काही उपाय चांगले होते, काही जीवघेणे.

लूत लागली की जळकं ऑईल किंवा रॉकेल फासायचं, हा उपाय तुमच्याही गल्लीत झाला असेल. कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं, कातडी भाजते. लूत हा डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा रोग आहे, तो तेलाने झाकला जातो, बरा होत नाही. जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून लावायचा, हा उपाय मात्र हवेतला नव्हता. सीताफळाच्या पानांत आणि बियांत कीटक मारणारे घटक खरंच असतात. फक्त बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते, हे सांगणारं कुणी नव्हतं.

गोचिडीवर आमच्या लहानपणी एकच औषध, गॅमेक्झिन पावडर. धान्याच्या कणगीलाही तीच, ढेकणालाही तीच, कुत्र्यालाही तीच. १९९७ पासून त्या बीएचसीवर देशात बंदी आहे, इतकं ते विषारी. आणि गोचीड काढायची का, तर ती नुसतं रक्त पीत नाही. १९१० मध्ये मद्रासमध्ये पॅटन नावाच्या शास्त्रज्ञाने शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक परजीवी शोधला, तोच पुढे बॅबेसिया गिब्सोनी म्हणून जगाला माहीत झाला. तो गोचिडीतून पसरतो. १९३५ मध्ये अल्जीरियात गोचिडीतूनच येणारा एर्लिकिया सापडला. तुमचं कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, ताप येतो, लघवी गडद होते, तेव्हा शंभर वर्षांपासून माहीत असलेले हे रोग आधी डोक्यात यायला हवेत. आपल्याकडे अजूनही म्हणतात, 'नजर लागली.'

खरी सोय झाली ती १९८१ नंतर. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यात एक जिवाणू शोधला, त्यातून आयव्हरमेक्टिन बनलं आणि आधी जनावरांसाठी बाजारात आलं. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. लूत लागून केस गेलेलं कुत्रं वेळेत, वजनाप्रमाणे दिलेल्या औषधाने पुन्हा केसाळ होतं, हे आता आपल्या तालुक्यातही दिसतं. पण डोस डॉक्टरनेच ठरवायचा. कोलीसारख्या काही जातींना हे औषध बाधतं.

बिस्किटाची गोष्ट

आता खाण्याकडे परत. १८६० च्या दशकात जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस लंडनला गेला. बंदरावर खलाशांची टाकलेली कडक बिस्किटं कुत्री खातात हे त्याने पाहिलं, असं सांगतात. त्याने कुत्र्यांसाठी वेगळं बिस्किट बनवलं आणि श्रीमंत शिकाऱ्यांना विकलं. कुत्र्याचं अन्न दुकानातून विकत आणायचं, ही कल्पना तिथून रुजली. १९५७ मध्ये अमेरिकेत प्युरिना कंपनीने यंत्रातून फुगवून काढलेले दाणे बाजारात आणले. आज आपल्या मेडिकलमध्ये, किराणा दुकानात जे पाकीट लटकतं, त्याची वंशावळ ही अशी.

पाकीट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला परवडतं त्याने जरूर घालावं. पण पाकीट आल्यावर एक गैरसमज पसरला, की घरचं अन्न म्हणजे निकृष्ट. भात किंवा भाकरी, सोबत उकडलेलं अंडं, चिकन, थोडं दही किंवा ताक, भोपळा-गाजरासारखी भाजी, मीठ-मसाल्याशिवाय. यावर देशी कुत्रं ठणठणीत राहतं. चूक होते ती उष्ट्यात. आपल्या रश्शात कांदा-लसूण असतो आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. आणि सांगली-नाशिककरांनो, द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक असतात, बागेत पाळलेल्या कुत्र्याकडे लक्ष ठेवा. चॉकलेट नाही. आपल्या अंगदुखीची आयबुप्रोफेनची गोळी तर अजिबात नाही.

आंघोळीचंही तसंच. आधी कुत्र्याला साबण माहीत नव्हता, आता काही घरांत दर रविवारी आपल्याच शाम्पूने घासतात. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ आणि कमी आम्लधर्मी असते, माणसांच्या साबणाने ती कोरडी पडून खाज सुटते. देशी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एक आंघोळ पुरे. त्यापेक्षा रोज पाच मिनिटं अंगावरून हात फिरवा. कानामागे, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या पट्ट्याखाली. गोचीड तिथेच असते. घोड्याला रोज खरारा करायची आपली जुनी पद्धत होती, तीच कुत्र्याला लावा. अर्धे आजार हाताला आधी कळतात.

चौदा इंजेक्शनं

आता ज्या भीतीने हे सगळं सुरू झालं तिच्याकडे येऊ. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली आणि मुलगा वाचला. भारतात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. कुत्रं चावलं की लोक कुठून कुठून रेल्वेने त्या डोंगरावर जायचे. १९११ मध्ये कसौलीलाच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. ती वाहतुकीला सोपी होती, म्हणून देशभर पोचली. पुढे मुंबईच्या हाफकिनमध्येही रेबीजची लस तयार होऊ लागली.

आपल्या पिढीला आठवत असलेली बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं ती हीच. काही जणांना तिच्यामुळेच लकवा व्हायचा. तरी २००४ च्या अखेरपर्यंत ती आपल्याकडे वापरात होती. आता दंडात चार-पाच इंजेक्शनं, सरकारी दवाखान्यात फुकट. तरीही आपल्याकडे चाव्यावर चुना, तिखट, हळद भरणारे आणि उतारा टाकणारे आहेत. जखम लगेच नळाखाली धरून साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागल्यावर जगात कुठेही उपाय नाही.

मारण्याचा मार्ग आपण पुरेपूर वापरून पाहिला. नगरपालिकेची कुत्री मारणारी गाडी, विषाचे तुकडे, हे चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने पाहिलंय. मारून संख्या कमी झाली का? जागा रिकामी झाली, उकिरडा तसाच राहिला, दोन पावसाळ्यांत नवीन कुत्री आली, तीही लस न घेतलेली. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ हेच सांगत आले आहेत, की नुसतं मारून रेबीज जात नाही. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. २००१ मध्ये केंद्राने नसबंदी आणि लसीकरणाचे नियम केले, २०२३ मध्ये ते सुधारले. त्यात खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायची जबाबदारीही स्थानिक पातळीवर दिली आहे.

पुरावा हवा असेल तर सिंधुदुर्गाच्या पलीकडे बघा. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज यांनी वर्षाला जवळपास लाखभर कुत्र्यांना जाळ्यात धरून, जागेवर लस टोचून, अंगावर रंगाची खूण करून सोडलं. सोबत शाळाशाळांत मुलांना शिकवलं. माणसांचे रेबीजचे मृत्यू तिथे शून्यावर आले आणि २०२१ मध्ये राज्याने रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. त्यासाठी कुत्री संपवावी लागली नाहीत.

आणि आपण? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीची सगळी कुत्री निवाऱ्यात टाका म्हटलं, अकरा दिवसांनी मोठ्या पीठाने ते बदललं : नसबंदी आणि लस करून सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नका, खाऊ घालण्याच्या जागा ठरवा. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्टँड अशा ठिकाणची कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. आदेशाबद्दल मतं काहीही असोत, प्रश्न साधा आहे. हलवून ठेवायची कुठे? त्यांना रोज भाकरी कोण घालणार, गोचीड कोण काढणार, पार्वो पसरला तर एका पिंजऱ्यात ठेवलेल्या कुत्र्यांचं काय होणार? पार्वोचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगासमोर आला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पसरला. गर्दीच्या निवाऱ्यात तो आठवड्यात पिल्लं संपवतो. रोजच्या काळजीचा पैसा आणि माणूस नसेल तर निवारा म्हणजे १८३२ चाच हुकूम, फक्त सावकाश.

म्हणून आपल्या नगरपालिकेकडे माझ्या चार मागण्या आहेत, चारही स्वस्त.

एक, मटण-चिकन दुकानांचा आणि मंगल कार्यालयांचा कचरा रोज उचला. कुत्र्यांची संख्या तो ठरवतो.

दोन, वॉर्डात खाऊ घालण्याची एक जागा ठरवा, शाळेच्या फाटकापासून लांब. घालणाऱ्यांनीही पत्रावळ उचलून न्यायची, आणि त्याच कुत्र्यांना लसीसाठी पकडून द्यायचं. ज्याच्या हातून भाकरी खातं त्याच्याकडेच ते सहज येतं.

तीन, २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी फलक आणि भाषणं नकोत. गल्लीगल्लीत लस, जंताची गोळी आणि गोचिडीचं औषध द्या. पाळीव कुत्र्यांनाही तिसऱ्या महिन्यापासून लस आणि पुढे दरवर्षी, याची नोंद ठेवा.

चार, पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातली एक दुपार कुत्र्या-मांजरांसाठी राखून ठेवा. म्हशीवाल्यांचीही सोय होईल.

पुढची सर्वसाधारण सभा लागली की हे चार मुद्दे लेखी देणार आहे. तुमच्या वॉर्डात किती कुत्री आहेत, खायला कोण घालतं, किती जणांना लस झाली असेल, हे कमेंटमध्ये लिहा. नाव नको, फक्त वॉर्ड नंबर आणि आकडा. 'कुत्री फार झाली' हे सभेत सगळेच म्हणतात. किती झाली, हे आजवर कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.